मदत हवी आहे: रक्षावर्तुळ अर्धवट सुटलं, आता बंद कसं करू?

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यात राहते, घरात मी आणि आजी दोघीच. दिवाळीपासून रिच्युअल मॅजिक, म्हणजे पाश्चात्य पद्धतीचे मंत्रविधी, शिकते आहे, एकटीच, मिळेल ते वाचून. आई गेल्यावर कशातच मन लागत नव्हतं, ते यात लागलं. म्हणून 'हे सोडून दे' एवढं म्हणू नका, बाकी काहीही सांगा.

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला रात्री पहिल्यांदा पूर्ण सर्कल, म्हणजे विधीच्या जागेभोवतीचं रक्षावर्तुळ, घालायला बसले. पडवीतल्या कोब्यावर जाड्या मिठाचं रिंगण, चार दिशांना चार मेणबत्त्या. पूर्वेपासून सुरुवात करून दक्षिण, पश्चिम झाली आणि उत्तरेला वळतेय तोच लाइट गेली. पाठोपाठ वाऱ्याने तीन मेणबत्त्या विझल्या. आत आजी अंधारात बॅटरी चाचपत उठली होती. गेल्या पावसाळ्यात ती अशीच पडली होती, त्यामुळे तिची हाक ऐकली आणि मी मीठ ओलांडून धावत सुटले. नंतर येऊन मेणबत्त्या गोळा केल्या. बंद करायचे शब्द म्हटलेच नाहीत.

सकाळी बघते तर मिठाला पाणी सुटून सगळा ओघळ पडवीच्या कडेला अबोलीच्या मुळाशी गेलेला. आठवड्याभरात अबोली वाळली. कोब्यावरचा पांढरा डाग बघून आजीने विचारलं, "मीठ कित्याक सांडलंस गो?" पिशवी फाटली म्हणून सांगितलं. आईनंतर तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

तीन आठवडे झाले, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि पडवीचं दार लावलंय का ते बघून आल्याशिवाय झोप लागत नाही. ते सर्कल अजून उघडं आहे का? आता बंद करता येईल का? मिठाऐवजी इथल्या हवेत काय वापरावं?

आणि एक शंका फक्त कोकणातल्या लोकांनाच कळेल. आमच्या जागेला राखणदार, म्हणजे जागा सांभाळणारं दैवत, आहे. आजी दर वर्षी त्याला नारळ ठेवते, गाराणं घालते, म्हणजे सांभाळ म्हणून विनवते. जिथली राखण आधीच कोणीतरी करतंय तिथे मी स्वतःचं वेगळं कुंपण घातलं, म्हणजे त्याला डावललं असं होतं का? खरं सांगायचं तर झोप याच विचाराने जास्त उडाली आहे.

प्रतिसाद

ताई, मी रत्नागिरीकडचा, आठ वर्षं हे करतोय. आधी भीतीचं बघू, कारण तुमच्या वाचनात दोन वेगळ्या परंपरा एकत्र झाल्यात असं दिसतं.

युरोपातल्या जुन्या मंत्रग्रंथांत साधक वर्तुळाच्या आत उभा राहतो आणि ज्याला बोलवायचं तो बाहेर. तिथे रेघ ओलांडणं हा मोठा धोका मानतात. विक्कामध्ये, म्हणजे जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये पुढे आणलेल्या पंथात, वर्तुळाचं मुख्य काम उलटं आहे. आत जागवलेली शक्ती विखरू नये म्हणून ते घालतात. मधेच बाहेर जावं लागलं तर सुरीने हवेत दार कापायचं, परत येऊन मिटवायचं, इतकी ती साधी गोष्ट आहे. तुम्ही कोणाला आवाहन केलं नव्हतं, फक्त दिशांना हाक दिली आणि तीही पुरी झाली नाही. मंत्रग्रंथातली भीती तुम्ही विक्काच्या वर्तुळाला लावली आहे.

तरी अपुरं राहिलेलं पुरं करा, मनाला ते हवंच असतं. त्याच जागी पूर्वेला तोंड करून उभ्या राहा, ज्या ज्या दिशेला हाक दिली तिचे आभार माना, काम संपलं असं मोठ्याने म्हणा. मग जागा झाडून काढा आणि लगेच गरम पेज किंवा भात खा. विधीनंतर खाणं हा त्याचाच भाग आहे.

मीठ नकोच. १८८८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाचा नवशिक्यांसाठीचा पंचकोनी ताऱ्याचा विधी घ्या, त्यात मिठाचा कणही लागत नाही. पूर्वेला हवेत तारा काढायचा, बोट तसंच पुढे धरून दक्षिण, पश्चिम, उत्तर करत पुन्हा पूर्वेला यायचं. मग चार देवदूतांची नावं घ्यायची: समोर राफाएल, मागे गॅब्रिएल, उजवीकडे मायकेल, डावीकडे युरिएल. गॅब्रिएल पाण्याचा, आणि वेंगुर्ल्यात पूर्वेकडे तोंड केलं की पाठीशी खरोखर समुद्र येतो. आपल्याकडेही पश्चिम वरुणाचीच. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

डोळ्यांना रेघ हवीच असेल तर सुंभ घ्या. विक्कात नऊ फूट व्यासाचं वर्तुळ सांगतात, म्हणजे सव्वाअठ्ठावीस फूट सुंभ आणि गाठीपुरता थोडा जास्त. मुंग्या लागत नाहीत, ओल धरली तरी वाळवता येतो. तांदळाचं पीठ घ्याल तर सकाळी मुंग्यांची रांग ठरलेली. मेणबत्त्यांऐवजी काचेचा कंदील ठेवा, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट पडवीत घुसतो. आणि पुढचे दोन-तीन महिने कोणालाही बोलवू नका. फक्त हा विधी करा आणि तारीख घालून वहीत लिहा.

प्रतिसाद

पोरी, तुझ्या त्या विद्येतलं मला काही कळत नाही. पण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

पूजेला बसताना 'अपसर्पन्तु ते भूता' म्हणून अक्षता टाकतात. विघ्न करणाऱ्यांनी इथून सरावं, असं मागणं. पण त्याच्या पुढच्याच श्लोकात 'सर्वेषामविरोधेन' हा शब्द आहे. कोणाशीही वैर न धरता मी हे पूजाकर्म सुरू करतो, असा त्याचा अर्थ. तुझ्या राखणदाराच्या शंकेचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. आपण जेवताना ताटाभोवती पाणी फिरवतो, त्याने राखणदार रागावला असं कधी ऐकलं नाही. मात्र त्याला न सांगता केलंस हे बरं नाही. घरात वडीलधारं माणूस आहे, त्यांनाच गाराणं घालू दे.

शेवटाचंही तसंच. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हटल्याशिवाय आपलीही पूजा संपत नाही.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. तीन आठवडे कमी नाहीत, डॉक्टरांना दाखव, आणि आई गेल्याचंही त्यांच्याशी बोल. कोणी 'तुझी पडवी बांधून देतो, इतके पैसे दे' म्हणत आला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. भीती घालून लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी आजीला सगळं सांगितलं, मिठाचंही. ती रागावली नाही. अबोलीच्या कुंडीतली माती उकरत म्हणाली, "आधी राखणदाराक सांग, मगे काय ता कर." संध्याकाळी तिने नारळ ठेवला आणि गाराण्यात माझं नाव घेतलं, आईचंही. मग मी पडवीत पूर्वेला तोंड करून तीन दिशांचे आभार मानले, काम संपलं म्हटलं, झाडून काढलं. आजीने पेज वाढून ठेवली होती.

रात्री जाग आलीच, पण दार बघायला उठले नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जाते आहे.

आजीने माळ्यावरून सुंभाचं वेटोळं काढून दिलंय, आईच्या हातचं आहे. मोजला तर सव्वीस फूट भरला. व्यास थोडा कमी करून हाच वापरू, की नवा जोडून पुरा करू? मला जोड नको वाटतोय. तुम्ही काय कराल?