बेळगाव की बेळगावी? (गुरुवारच्या आत!)

गौरी (मंडळाच्या यादीत अजून गौरवच दिसेन):
मंडळी, गुरुवारी साडेनऊला श्टांडेसआम्टमध्ये (इथली जर्मन जन्म-लग्न नोंदणी कचेरी) नाव आणि लिंगाची नोंद बदलायची माझी वेळ आहे. नोव्हेंबरात नाव नोंदवलं होतं, तीन महिने भरले. जन्मदाखला जुना, अख्खा कन्नडात. भाषांतरकारानं जन्मगाव ‘बेळगावी’ लिहिलंय, पासपोर्टवर ‘बेलगाम’. काउंटरवरच्या बाई विचारतात, ही दोन गावं आहेत का? कन्नड येणारा, शपथ घेतलेला दुसरा भाषांतरकार कुणी आहे का? नंदावहिनींच्या लग्नाच्या दाखल्याचं ज्यांनी केलं, ते गृहस्थ अजून करतात का?

अण्णा (निपाणी):
अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करून घे रे. आमच्या धाकट्याचं तसंच झालं, दोन दिवसांत काम.

विनायक:
अण्णा, धाकटा लंडनला होता. भारताचा अपोस्टिल जर्मनी मानत नाही. आपण अपोस्टिलच्या करारात शिरलो तेव्हाच यांनी हरकत घेतली. इथं फार तर वकिलातीकडून दाखला तपासून घेतात आणि त्यात महिने जातात. गौरी, तपासणी मागितली नसेल तर स्वतःहून विषय काढू नकोस.

अण्णा (निपाणी):
घे गं म्हणायचं होतं. बोटं सवयीनं चालतात, राग मानू नको. बाकी त्या भाषांतरकाराला सांग की बेळगाव लिही म्हणून. आमच्या गावाचं नाव आम्हालाच विचारायचं की नाही?

सुहास (खानापूर):
अण्णा, तो कागदावर आहे तेच लिहिणार, नाहीतर शपथ कसली? कन्नडात ते पहिल्यापासून बेळगावीच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं ते इंग्रजी नाव, बारा शहरांचं एकदम. म्हणजे हिचा १९९३ चा दाखला ‘नवं’ नाव सांगतो आणि २०१६ चा पासपोर्ट जुनं. आता समजाव जर्मन बाईला.

अण्णा (निपाणी):
१ नोव्हेंबर आम्हाला शिकवू नकोस बाबा. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या, काळ्या दिवसाच्या फेरीत मी चौथीत असल्यापासून चालतोय.

विनायक:
आणि गौरी ज्या कायद्यानं जाते आहे तोही १ नोव्हेंबरचाच, २०२४ चा. अण्णा, तुमच्या तारखेला एक तरी बरी गोष्ट चिकटली.

मंडळ कार्यवाह:
सीमाप्रश्न या यादीवर नको, मागच्या गणपतीत ठरलं आहे. तसंच यादीतलं नाव बदलायचं तर सभासद-अर्ज नव्यानं भरून ओळखपत्र जोडावं लागेल. सर्वांना एकच नियम.

सुहास (खानापूर):
कार्यवाह, वाशीकर काकांना तुम्ही ‘बंड्या’ या नावानं पावती दिलीत, तेव्हा कुठलं ओळखपत्र पाहिलंत?

मेघना:
मला एक कळत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला इथं हे करता येतं? माझी भाची विद्यार्थी परवान्यावर आहे, म्हणून विचारते.

विनायक:
येतं. राहण्याचा कायमचा परवाना, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना), किंवा मुदत वाढवून मिळू शकणारा परवाना आणि इथं कायदेशीर वास्तव्य, यांपैकी एक हवं. एरवी लिंगाची नोंद ज्या देशाचे नागरिक त्याच्या कायद्यानं, पण इथं राहणाऱ्याला जर्मन कायदा निवडता येतो. डॉक्टरचं पत्र नको, कोर्ट नको. नोंदणीनंतर सहा महिन्यांत सही केली नाही तर सगळं रद्द, म्हणून गौरीची घाई. पण पासपोर्ट त्यानं बदलत नाही, तो दिल्लीचा कागद.

नंदावहिनी (आता बेळगावात, टिळकवाडी):
गौरी, तेच सांगायला बसले. ते गृहस्थ निवृत्त झाले गं. पण नवा माणूस शोधूच नकोस. आहे त्यालाच खाली ‘भाषांतरकाराची टीप’ म्हणून एक ओळ घालायला सांग: इंग्रजीत पूर्वी बेलगाम, २०१४ पासून बेळगावी, गाव एकच. माझ्या वेळी तेवढ्यावर भागलं.

पासपोर्टसाठी मी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात विचारून आले. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज पोर्टलवर. ते ‘ट्रान्सजेंडर’ असं मिळतं, ‘स्त्री’ हवं तर शस्त्रक्रियेचा कागद लावून दुसरा अर्ज. पण गेले बारा महिने सलग या जिल्ह्यात राहिलीस असं प्रतिज्ञापत्र लागतं. तू चार वर्षं तिकडं. अण्णा आता म्हणतील, लिहून टाक, कोण बघतंय. नको. पासपोर्टवर तारखांचे शिक्के आहेत.

येताना बसस्टँडवर सौंदत्तीहून आलेली एक जोगप्पा (पुरुष म्हणून जन्मून यल्लम्माला वाहिलेली, बाईच्या वेशात राहणारी) दिसली, डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्तीची परडी, कपाळभर भंडारा. आमची आजी अशांना पाट मांडून जेवायला वाढायची, आणि वाढून झाल्यावर पाया पडायची. त्यांच्याकडं कुठलं प्रमाणपत्र होतं?

अण्णा (निपाणी):
मी असलं काही म्हणणार नव्हतो.

सुहास (खानापूर):
म्हणणार होता.

गौरी:
टीप घालून मिळाली, पस्तीस युरो जास्त घेतले. बाईंनी दोनदा वाचली, नकाशावर गाव शोधलं, त्यांच्या मोबाईलवर नेमकं ‘बेळगाव’ निघालं. तिसरंच स्पेलिंग! मग हसल्या आणि सही घेतली.

पासपोर्ट तूर्त जुनाच. विमानतळावर काय होईल ते बघू. वहिनी, येणाऱ्या कुणाबरोबर कुंद्याचा डबा पाठवा. कार्यवाह, ओळखपत्र जोडलं आहे, श्टांडेसआम्टच्या शिक्क्याचं. जर्मनमध्ये आहे, भाषांतर लागलं तर सांगा.