फुटबॉल जर्सीवर स्पॉन्सरचा लोगो छातीवर की बाहीवर? उद्या ऑर्डर द्यायची आहे

टिळकवाडी_१०: स्पॉन्सर मिळालाय, सगळ्या जर्सीचा खर्च तोच देतोय, पण लोगो छातीवर मोठा पाहिजे म्हणतो. निम्मी पोरं तयार आहेत, निम्मी म्हणतात बाहीवर घाला, नाहीतर आम्ही उतरत नाही. ग्रुपवर नुसती भांडूलेत. नियम काय आहे? लवकर सांगा.

निपाणीकर: कसला नियम? टूर्नामेंट कुठली, किती साईड, आयोजकांनी काही लिहून दिलंय का?

खानापूर_एक्सप्रेस: सब्लिमेशनच कर, शाई कापडातच मुरते. छाती काय नि बाही काय, दर तोच पडतो. रबर प्रिंटचे धुतल्यावर पोपडे निघतात.

टिळकवाडी_१०: सेव्हन साईड, बेळगावचं लेले मैदान. छपाईवाला ठरलाय हो, तो प्रश्नच नाही.

कॅम्पचा_गनर: स्पॉन्सर कोण ते सांगितलंच नाहीस की. भेळवाला असता तर पोरं अडून बसली असती होय?

टिळकवाडी_१०: ॲप आहे एक. टीम लावायची, पैसे लावायचे, तसलं. त्यात काय एवढं? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये कितीतरी टीमच्या छातीवर बेटिंगच होतं की.

लाल_मँचेस्टर: तिथल्या क्लबांनीच २०२३ च्या एप्रिलमध्ये ठरवलंय, २०२५-२६ च्या हंगामानंतर छातीवर जुगाराचा लोगो नाही.

कॅम्पचा_गनर: बाहीवर चालतो, ते सोयीनं विसरलास. टिळकवाडीच्या त्या पोरांची आणि लंडनच्या साहेबांची अक्कल एकच म्हणायची.

वडगावचा_सिटी: गनरनं, म्हणजे आर्सेनलवाल्यानं, नीतीवर बोलू नये. २०१८ मध्ये बाहीवर 'व्हिजिट रवांडा' ही रवांडाच्या पर्यटनाची जाहिरात कुणी लावली?

कॅम्पचा_गनर: आणि २०२३ च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगनं शंभरावर आरोप कुणावर ठेवले, मँचेस्टर सिटीवरच ना? आमची निदान जाहिरात होती. तुमच्यावर हिशेबच खोटे दाखवल्याचा आरोप आहे.

वडगावचा_सिटी: आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली, ती क्रीडा लवादानं त्याच वर्षी उठवली. निकाल वाच जरा.

लाल_मँचेस्टर: वाचलाय. दंड तीन कोटी युरोवरून एक कोटीवर आला, पण चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून तेवढा राहिलाच. काही बाबी तर मुदत टळली म्हणून सुटल्या. एव्हर्टन क्लबचे मात्र खर्चाच्या नियमावरून पटकन गुण कापले. गरिबाला नियम लगेच लागतो.

शहापूरचे_काका: बाळांनो, २००६ साली बार्सिलोनानं युनिसेफचं नाव छातीवर घातलं. पैसे घेतले नाहीत, उलट दिले. क्लब असा असावा.

वडगावचा_सिटी: काका, स्पेनच्या पंच समितीच्या उपाध्यक्षाच्या कंपनीलापण दिले की! २००१ ते २०१८.

शहापूरचे_काका: ते सल्ल्याचे होते असं क्लब म्हणतो.

कॅम्पचा_गनर: सतरा वर्षं सल्ला! 😂

खानापूर_एक्सप्रेस: अवांतर: जर्सीवर नाव मराठीत घालणार की कन्नडमध्ये?

लाल_मँचेस्टर: त्याला वेगळा धागा काढ बाबा. इथं सुरू झालं तर बिचाऱ्याची ऑर्डर दिवाळीपर्यंत जात नाही.

निपाणीकर: सगळे मँचेस्टर-बार्सिलोना करूलेत, लेले मैदान भारतात आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायच्या खेळाची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारताच्या क्रिकेट टीमच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन हे तसलंच ॲप उगाच नाही गेलं. मोज्यावरसुद्धा छापू नकोस.

टिळकवाडी_१०: पण ॲडव्हान्स घेतलाय त्याच्याकडून.

निपाणीकर: हे आता सांगूलास? कुणाच्या खात्यावर?

टिळकवाडी_१०: कॅप्टनच्या. म्हणजे माझ्याच.

निपाणीकर: मग आजच त्याच खात्यावर परत पाठव, रोख देऊ नकोस. कशाचे पैसे ते मेसेजमध्ये लिही, स्क्रीनशॉट ठेव. छपाईवाल्याला लोगोची फाईल गेली असेल तर तीही थांबव.

शहापूरचे_काका: वर्गणी काढा. आम्ही बनियनवर नंबर रंगवून खेळलोय. आणि बाहेरचा खेळाडू पैसे देऊन आणणं बंद करा, निम्मा खर्च तिथंच वाचेल.

टिळकवाडी_१०: एकच आहे कोल्हापूरचा, काका. मावसभाऊ लागतो.

वडगावचा_सिटी: सगळ्यांचाच लागतो. फॉर्मवर पत्ता कुठला घातलाय?

टिळकवाडी_१०: प्रश्न लोगोचा होता. पैसे परत पाठवलेत, छपाईवाल्याला कोऱ्या जर्सी सांगितल्यात, पाठीवर नुसते नंबर.

वडगावचा_सिटी: पत्ता?