सहा हजारांत वाणसामान बसत नाही म्हणजे शिस्त नाही?

तळजाई (धागा)

परवा इथले एक सदस्य 'हिशोबी' यांनी लिहिलं की चार माणसांच्या घराचं वाणसामान महिना सहा हजारांत बसलंच पाहिजे. ज्यांचं बसत नाही त्यांना शिस्त नाही, आणि बायकांना रंगीत पाकिटं दिसली की हात आवरत नाही. दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेच.

एकोणीस वर्षं आमच्या घरची यादी मी करते आहे. नवरा, मी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई. महिन्याला गहू २० किलो, तांदूळ ८, ज्वारी ५, तूरडाळ ३, बाकी डाळी-कडधान्यं मिळून ४, तेल ४ लिटर, साखर साडेतीन किलो, शेंगदाणे २, चहा पाऊण किलो, तूप १ किलो, पोहे-रवा-साबुदाणा मिळून ३, वर मसाले, साबण, धुण्याची पावडर. गेल्या महिन्याचं बिल ५,६४०. म्हणजे बसलं सहा हजारांत! पण यात दूध नाही. रोज दीड लिटरचे २,७०० वेगळे. भाजी, फळं, अंडी, सिलिंडर नाही. पाहुणा एकही नाही. हा आकडा कोरड्या सामानाचा आहे, घर चालवण्याचा नाही. तो सांगताना एवढं तरी स्पष्ट लिहायचं.

आणि मुळात महिना हे मापच मला पटत नाही. एप्रिलमध्ये मी अडीच क्विंटल गहू भरते. यंदा ३४ रुपयांनी मिळाला, ८,५०० झाले. त्या एका खरेदीने सहा हजार मोडले. दिवाळीपर्यंत तोच गहू दुकानात ४० ला गेला. मग एप्रिलमध्ये मी चुकले का? श्रावणात साबुदाणा, शेंगदाणे, वरी दुप्पट लागते. दिवाळीत भाजणी, बेसन, पोहे, तेल. माघ-फाल्गुनात यादी अर्ध्यावर येते. घराचा खर्च वर्षाच्या चालीने चालतो, पगाराच्या तारखेने नाही.

म्हणून मी रुपये बांधत नाही, किलो बांधते. तेल ४ लिटर म्हणजे ४ लिटर. १४ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि आमच्याकडे पाच लिटरच्या कॅनमागे सव्वाशे रुपये वाढले. पुढच्या मेअखेरीस ते शुल्क १० टक्क्यांवर आलं. या सगळ्यात माझ्या कढईतलं तेल थेंबभर वाढलेलं नाही. तरी रुपयांच्या वहीत मी नापास. ही वही बरोबर कशी म्हणायची?

हिशोबी

माझंच नाव घेतलंत, तर उत्तर देतो.

वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. पगार आठवड्याचा. दुकानात खातं होतं. मी सातवीत असताना दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर आमची उधारीची वही मोठ्याने वाचली. आई मोकळी पिशवी घेऊन परत आली. त्या रात्री वडिलांनी भिंतीवर खडूने आकडा लिहिला, याच्या वर जायचं नाही. गेलो नाही. दोन वर्षांत खातं बंद झालं.

तुमचे किलो मला मान्य आहेत, पण किलो माणसाला थांबवत नाहीत. भाव वाढला की तेवढेच किलो आणणार, आणि वरचे पैसे कुठून येणार? कार्डातून. रुपयाचा आकडा समोर असला की हात थांबतो. तेल महागलं तर चारचं साडेतीन लिटर करायचं. तळण बंद करायचं. यालाच मी शिस्त म्हणतो.

एप्रिलला साडेआठ हजार एकरकमी काढू शकणाऱ्या माणसाने महिन्याच्या आकड्याला नावं ठेवू नयेत.

ठाकुर्लीकर

हिशोबींच्या शेवटच्या वाक्याला +१.

वर्षाचं भरा हे सल्ले ऐकून कान किटले. आमचं घर ३८० चौरस फूट. अडीच क्विंटल गहू ठेवू कुठे, पलंगावर? रात्री नऊला लोकलमधून उतरून घरी येते, गिरणी आठलाच बंद. पीठ पाकिटातलंच आणावं लागतं. त्याला रंगीत पाकीट म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

एकदा केलाय प्रयोग. सासरहून ५० किलो गहू आणला, पत्र्याचा डबा घेतला, पावसाळ्यात उघडला तर नुसते सोंडे. निम्मा टाकला. टाकताना रडू आलं, कारण तो सासऱ्यांनी स्वतः पाठीवर घेऊन गाडीत चढवला होता.

कणगी

ठाकुर्लीकर, गव्हाचा दोष नाही, भरण्याचा आहे. वैशाखातलं ऊन दोन दिवस पुरतं द्यायचं. ऊन दिल्यावर पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम भरला की डब्यात घाम धरतो. मग एरंडेल हाताला घेऊन चोळायचा, डब्याच्या तळाला, मध्ये आणि वर कडुनिंबाचा सुकवलेला पाला. तांदळाला बोरिक पावडर. आमच्याकडे नगरला तीन पिढ्या असंच चालतं, एक दाणा वाया जात नाही.

मधली सून

बोरिक पावडर अन्नात घालायची गोष्ट नाही! कॅरमवर टाकायची पावडर तांदळाला चोळून पोरांना भात घालायचा? कितीही धुतला तरी मी खाणार नाही.

कणगी

आमची आजी त्र्याण्णव वर्षं जगली. पाच पाण्यांनी धुतो आम्ही.

मधली सून

आजी जगली म्हणून पावडर बरी ठरत नाही. एरंडेल लावा, पाला घाला, ऊन द्या. बोरिक नको म्हणजे नको. माझ्या धाकट्या दिराच्या मुलीला उलट्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, तांदळाला काय लावता?

ठाकुर्लीकर

मला तर एरंडेलाचाही वास पोळीला येतो. आणि कडक ऊन द्यायला गच्ची लागते. आमच्या गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय. किल्ली सेक्रेटरीकडे, तो रविवारी गावाला.

कणगी

पोळीला वास येतो म्हणजे तेल जास्त झालं. नुसता तळवा ओला करायचा, वाटी ओतायची नाही. गच्चीचं काही मला सांगता येत नाही. बोरिकचं म्हणाल तर बाजूला ठेवते, पाल्यावर यंदाचा तांदूळ भरून बघते. पण किडला तर तुम्हालाच सांगायला येईन.

आकडेवाला

मूळ प्रश्नाकडे येऊ. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारताचा सरासरी खर्च माणशी महिना ६,९९६ रुपये आहे, त्यातला ३९.६८ टक्के खाण्यावर. म्हणजे माणशी २,७७६, चौघांचे ११ हजारांच्या वर. यात दूध-भाजी आणि बाहेरचं खाणंही आलं, पण साबण-पावडर नाही. तेव्हा सहा हजारांत 'बसलंच पाहिजे' हे म्हणणं टिकत नाही.

हिशोबी

सरासरीने कुणाचं पोट भरत नाही. माझ्या घरचा सांगा.

मधली सून

आता मी हिशोबींना विचारते. 'बायकांना रंगीत पाकिटं दिसली की' हे वाक्य कुठून आलं? आमच्या घरात सोळा माणसांचं सामान येतं. यादी मी करते, पिशव्या मी उचलते, उरलेली चिल्लर नवऱ्याच्या हातावर मी ठेवते. आणि दर रविवारी तोच माणूस पाव किलो फरसाण, दोन बाकरवड्यांचे पुडे, पोरांना चॉकलेटं घेऊन येतो. तो खर्च वहीत नसतो. का? तर तो 'आणला', मी 'उडवले'. लग्नाला बावीस वर्षं झाली. साखर संपली हे सांगताना अजून माझा आवाज खाली जातो. बजेट पाळा म्हणता, ते पाळणारी कोण आणि मोडणारा कोण हे आधी लिहा.

हिशोबी

तुमच्या नवऱ्याचा राग माझ्यावर काढू नका.

तळजाई

राग त्यांच्या नवऱ्याचा नाही, तुमच्या वाक्याचा आहे. ते तुम्हीच लिहिलंत.

तूर उत्पादक, लातूर

सगळे वाचतोय. तेल महागलं, डाळ महागली, बजेट मोडलं. तुरीचं मी सांगतो.

२०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. माझी तूर सात हजारांच्या आत गेली. खरेदी केंद्राच्या रांगेत थांबायला वेळ नव्हता, मुलीची फी भरायची होती. क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. म्हणजे माझा माल डाळीच्या रूपात किलोला १०० च्या आत गेला, तोही मिलची मजुरी, भाडं, सगळ्यांचा नफा धरण्याआधी. मे २०२१ ला तुरीच्या आयातीवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून बाहेरून येते, मोझांबिकची, म्यानमारची. डाळ १८० ला गेली की टीव्हीवर बातमी. माझी तूर पडली की बातमी नाही. टोमॅटो जुलै २०२३ ला शंभरच्या पार गेला तेव्हा शहरात हाहाकार. तोच टोमॅटो लोक रस्त्यावर ओतून देतात तेव्हा तुमच्या वहीत किती वाचले, ते कुणी लिहितं का?

ठाकुर्लीकर

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण आमच्या पगारात डाळ १८० ला गेली तर आम्ही काय करायचं? मी त्या वर्षी आठवड्यातून चार दिवस मसुराचं वरण केलं. मुलाला तूर आवडते. त्याला 'संपली' म्हणून सांगितलं.

तूर उत्पादक, लातूर

तुम्हाला नाही म्हणत ताई. मसूर करा, कुळीथ करा. फक्त महाग म्हणताना ते पैसे आमच्या हातात आले असं समजू नका.

तळजाई

दादा, घरासाठी आख्खी तूर देता का कुणाला? सासूबाई चैत्रात भिजवून, वाळवून जात्यावर भरडायच्या. आता जातं नाही, पण आमच्या भागातली एक गिरणी भरडून देते. मला ५० किलो हवी.

तूर उत्पादक, लातूर

देतो. पण ५० किलोला भाडं परवडायचं नाही. दहा घरं एकत्र करा.

दुकानदार, मिरज

आता दुकानदाराचंही ऐका, सगळ्यांचं बोट आमच्याकडेच येतं. सुट्या डाळीत किलोमागे चार-पाच रुपये सुटतात, त्यात तूट माझी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या धान्य-डाळीच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. म्हणूनच २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसतात. तरी गिऱ्हाईक पाकीटच मागतं, कारण सुट्या मालात खडे असतील ही भीती.

बजेट मोडतं ते वजनात, तिकडे लक्ष द्या. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. शेजारी तशीच दिसणारी पिशवी असते ८५० ची, ८०० ची. 'दहा रुपयांनी स्वस्त' म्हणून तीच उचलली जाते. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो, तो वाचा. मी गिऱ्हाइकाला दाखवतो, तर म्हणतात, तुम्हाला महागाचं खपवायचंय.

आणि उधारीचं. हिशोबी, तुमच्या आईची वही वाचणारा दुकानदार चुकला. माझ्या बापाने असली वही कधी गल्ल्यावर ठेवली नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत मी ज्यांना महिनोन्महिने खात्यावर दिलं, त्यातली काही घरं आता मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान मागवतात आणि माझ्याकडे फक्त रात्री दहाला मीठ घ्यायला येतात.

ठाकुर्लीकर

मी मागवते मोबाइलवरून. अपराधी वाटावं म्हणून लिहिलंत का? लोकलमधून मागवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचा डबा होत नाही.

दुकानदार, मिरज

तुमच्याबद्दल नाही ताई. तुम्ही तर मिरजेच्या नाही. लागलं असेल तर राहू दे.

हिशोबी

दोन दिवसांनी लिहितोय. बायकांबद्दलचं वाक्य मागे घेतो. घरी वाचून दाखवलं, बायकोने काही न बोलता गेल्या सहा महिन्यांच्या पावत्या समोर ठेवल्या. चिवडा, खारी, थंड पेयं, सगळी माझ्या सहीची. दूध आणि भाजी धरून आमचे ११,३०० होतात. 'आकडेवाला', तुमची सरासरी माझ्या घरात निघाली, एवढंच म्हणतो.

आकडा असलाच पाहिजे हे मात्र मागे घेत नाही. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याने किलो बांधून भागत नाही.

तळजाई

ते मला मान्य करावं लागतंय. माझी पहिली तीन वर्षं, नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हा, मीही रुपयेच बांधले होते. गहू पाच-पाच किलो आणायचे, महाग पडायचा, पण तेवढेच असायचे. ते मी धाग्यात लिहायला हवं होतं. पण पाच-पाच किलोने घेणारा दर किलोला जास्त मोजतो, आणि वर त्यालाच शिस्त नाही असं ऐकवायचं, हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं. त्याला स्वस्तात घेता येईल असं काही असेल तर ते बोला.

आकडेवाला

दर महिन्याला ७०० बाजूला टाकले की एप्रिलला ८,४०० होतात. अडीच क्विंटलला शंभर कमी पडतात फक्त. रुपये आणि किलो दोन्ही सांभाळले जातात.

मधली सून

ते ७०० माझ्या हातात राहिले तर.

ठाकुर्लीकर

आमच्या मजल्यावर विचारलं. तिघी तयार आहेत, एप्रिलमध्ये एक क्विंटल गहू चौघींत, २५-२५ किलो. तेवढा पलंगाखाली मावतो. सेक्रेटरीने दोन रविवार गच्ची उघडून देतो म्हटलंय. तुरीसाठी दहा घरं होतात का ते खालच्या विंगमध्ये विचारते. कणगी, पाला इथे कुठे मिळणार? आणि पोळीला गहू लोकवन घ्यायचा की सिहोर?

कणगी

लोकवन. पाला मी सुकवून पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.