मदत हवी आहे: किनाऱ्याने दक्षिणेकडे उडताना विमानातल्या जी१००० यंत्रणेचा नकाशा कसा मांडावा?

नमस्कार. मी रत्नागिरीचा असून माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. आवश्यक त्या परवानग्या घेऊन, गार्मिन जी१००० (उड्डाणाची माहिती आणि नकाशा पडद्यांवर दाखवणारी यंत्रणा) बसवलेल्या सेसना १७२ या छोट्या विमानातून जुहूहून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत किनाऱ्याच्या कडेने जाण्याचा बेत आखतो आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १९० सागरी मैल भरते आणि दिशा साधारण १६८ अंश राहते. यंत्रणा हाताळता येते. पडद्यावर काय ठेवावे आणि काय काढावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

नॉर्थ अप (नकाशात उत्तर वर) ठेवला की विमानाच्या चिन्हाचे नाक पडद्यावर खालच्या बाजूला राहते आणि समुद्र डावीकडे दिसतो, खिडकीतून मात्र तो उजव्या हाताला असतो. ट्रॅक अप (विमान प्रत्यक्ष ज्या दिशेने सरकते ती वर) केल्यास हा घोळ मिटतो. परंतु मांडीवरचा कागदी नकाशा उत्तर वर धरूनच छापलेला असतो आणि नियंत्रकाशी बोलतानाही पूर्व-पश्चिमेचीच भाषा असते. हेडिंग अप (विमानाचे नाक ज्या दिशेला असते ती वर) मला इथे पटत नाही, कारण ११० नॉट वेगाने जाताना समुद्रावरून २० नॉटचा आडवा वारा असेल, तर मार्ग धरून ठेवण्यासाठी नाक सुमारे १० अंश समुद्राकडे वळवावे लागते आणि नकाशाही तेवढाच तिरका होतो.

याहून मोठी अडचण खाड्यांची आहे. कातळाचे सडे वरून सगळे सारखेच दिसतात. आपण कुठवर आलो हे कळते ते राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा एकापाठोपाठ येणाऱ्या खाड्यांच्या मुखांवरून. नेमक्या याच निळ्या रेषा रेंज (पडद्यावर मावणारे अंतर) वाढवली की पडद्यावरून नाहीशा होतात, आणि रेंज कमी ठेवावी तर पुढचे काही दिसत नाही.

शिवाय २५०० फुटांवरून जाताना पूर्वेकडची सह्याद्रीची धार पडद्यावर लालच लाल दिसणार. महाबळेश्वरचे पठार सुमारे ४५०० फूट उंच आहे, तेव्हा त्यात चूक काहीच नाही. पण सतत लाल पाहून डोळा निर्ढावतो, ही माझी शंका आहे. भूरचनेचे हे रंग बंद ठेवावेत का?

प्रतिसाद

रंग बंद करू नका. लाल म्हणजे जमीन तुमच्याहून उंच किंवा तुमच्याखाली १०० फुटांच्या आत. पिवळा म्हणजे १०० ते १००० फूट खाली. ढग आल्यामुळे आतल्या बाजूला वळावे लागले, तर याच माहितीची गरज पडेल. काढायचेच असेल तर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे टोपोचे रंग काढा, म्हणजे लाल-पिवळा स्वच्छ उठून दिसेल.

दिशेसाठी मॅप सेटअपमध्ये ‘नॉर्थ अप अबव्ह’ अशी सोय आहे. ठरावीक रेंजपर्यंत ट्रॅक अप राहतो आणि त्यापलीकडे नकाशा आपोआप उत्तर वर घेतो. नियंत्रकाशी बोलण्यापूर्वी रेंज वाढवली की झाले. त्याच सेटअपमध्ये लँड गटात नदी-तलावांची कमाल रेंज वाढवून ठेवा आणि रस्ते, लहान गावे यांची कमी करा. तुमच्या खाड्या टिकतील. मात्र नकाशावरची किनाररेषा एकच असते, भरती-ओहोटी तिला कळत नाही, म्हणून ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर खाडीचे मुख पडद्यावरच्या आकाराशी जुळेलच असे नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. प्रतिबंधित हवाई क्षेत्रांच्या रेषा आणि इंधनाचे वर्तुळ (उरलेल्या इंधनावर कुठवर जाता येईल ते दाखवणारे) यांचे काय करावे?

प्रतिसाद

क्षेत्रांच्या रेषा कायम ठेवा, कारण चिपीहून मोपा विमानतळ जेमतेम २५ सागरी मैलांवर आहे आणि त्यापुढे दाबोळीला नौदलाचा तळ आहे. डीक्लटरची (पडद्यावरचे तपशील टप्प्याटप्प्याने कमी करणारी) कळ कितव्या दाबाला काय पुसते, ते निघण्यापूर्वी जमिनीवरच पाहून ठेवा. इंधनाचे वर्तुळ सध्याच्या भूवेगावरून (जमिनीच्या तुलनेतल्या वेगावरून) काढलेले असते. पाठीमागून वारा असताना ते ऐसपैस दिसते, पण परत फिरल्यावर तोच वारा समोरून येणार, हे त्या वर्तुळात धरलेले नसते. परतीच्या इंधनाचा हिशेब वेगळा कागदावर करा.