अनास्था की वेळापत्रक?
एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचे नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसोबत एकत्र वर्ग घेणे वैद्यकीय शिक्षकांना कमीपणाचे वाटते, असे मत या विषयावरच्या चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात १९९८ पासून या सर्व शाखा एका छत्राखाली आहेत खऱ्या, पण त्यांच्या अभ्यासक्रमांचे निकष वेगवेगळ्या केंद्रीय संस्था ठरवत असल्याने सामाईक तास बसवायचा तरी कुठे, हा शिक्षकांचा प्रश्न निव्वळ सबब नसतो.

चर्चेत न आलेली एक गोष्ट अशी की, २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरने आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्यही असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. मात्र नेतृत्वाविषयी उत्साहाने बोलणारे माझे सहकारी 'सदस्य' या भूमिकेचे मूल्यमापन परिचारिकांकडून करून घेण्याचा विषय निघताच गप्प होतात, आणि खरी अढी मला तिथेच दिसते.