पेल्विसची सोनोग्राफी: पाणी घरून पिऊन निघायचं की तिथे जाऊन?

नमस्कार मैत्रिणींनो. वय 26, लग्न झालेलं नाही, राहते भांडुपला. चार महिने पाळी पुढे पुढे जातेय आणि आली की पहिल्या दिवशी ऑफिसला दांडी, इतकं ओटीपोट दुखतं. डॉक्टरीणबाईंनी 'यूएसजी पेल्विस', म्हणजे ओटीपोटाची सोनोग्राफी, लिहून दिलंय. दादरच्या एका सेंटरवर शनिवारी सव्वाअकराची वेळ मिळालीय. फोनवरची मुलगी 'पाणी पिऊन या, लघवी करू नका' म्हणाली आणि फोन ठेवला.

घरून पिऊन निघाले आणि कुर्ल्याला गाडी रखडली तर? उपाशी जायचं का? आणि मुख्य म्हणजे मावशी म्हणते, 'आतून मशीन घालून करतात.' तेव्हापासून पोटात गोळा आलाय. कुणी करून घेतलीय का?

चहाबाज: अगं, घरून अजिबात पिऊ नकोस! मी मुलुंडहून पिऊन निघाले होते, घाटकोपरला उतरून परत गेले. दहा वाजता तिथे पोच, मग सावकाश चार-पाच ग्लास पी. तासाभरात भरतं. नाश्ता करून जा. पूर्ण पोटाची असेल तरच उपाशी बोलावतात.

जुनी_सिस्टर: पाणी का, ते सांगते. आतड्यातल्या वायूतून ध्वनिलहरी जात नाहीत. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरतात आणि त्यातून गर्भाशय, अंडाशय नीट दिसतात. एक्स-रे नाही, त्यामुळे किरणांची भीती नको. शेवटच्या पाळीची तारीख विचारतील, लिहून ने.

मावशीचं चूक नाही, पण ती वेगळी तपासणी, टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून करायची सोनोग्राफी. ती मूत्राशय रिकामं करून करतात, चित्र जास्त स्पष्ट येतं. 'मॅरिड आहात का?' असं विचारतील, त्याचा अर्थ शारीरिक संबंध आलेत का. (सरळ विचारायला काय होतं, कोण जाणे.) आले नसतील तर सहसा पोटावरूनच करतात. आले असतील तर खरं सांग. तरी तुझ्या होकाराशिवाय आतून करायची नाही, नको असेल तर नको म्हण. लेडी डॉक्टर हवी असेल तर आजच फोन करून विचार.

धागाकर्ती: जाऊन आले! बाकावर आम्ही पाचजणी, प्रत्येकीच्या मांडीवर बाटली. काउंटरवरची मुलगी मधूनमधून हाक मारते, 'कुणाला प्रेशर आलं?' मी पहिल्यांदा घाईने हात वर केला, तर डॉक्टर म्हणाल्या, 'अजून भरलं नाही,' आणि परत बाहेर. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पाय एका जागी ठरत नव्हता.

सलवारची नाडी सैल करून खाली सरकवायची, बस्स. जेल थंडगार. दुखत नाही, पण भरल्या मूत्राशयावर ते यंत्र दाबतात तेव्हा देव आठवतो. दहा-पंधरा मिनिटं. मग लघवी करून या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा बघितलं, आत किती उरलीय ते. आतून वगैरे काही नाही. टिश्यू मात्र दोनच देतात, रुमाल न्या.

रिपोर्टमध्ये गाठ नाही, दोन्ही अंडाशयांत बारीक फॉलिकल (स्त्रीबीजाच्या पिशव्या) जास्त आहेत. डॉक्टरीणबाईंनी आता टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रक्ततपासण्या सांगितल्यात. सिस्टर, त्यांना तरी उपाशी जायचं असतं का?