अनुभव धागा: स्वतंत्र काम आणि शेअर केलेली जागा, काय मिळालं काय गेलं?

धागाकर्ती (पुणे, अनुवादक)

नोकरी सोडून ह्या जूनमध्ये ६ वर्षं झाली. इंग्रजी-मराठी अनुवाद करते, बरंचसं काम बँकांचं आणि औषध कंपन्यांचं. पहिली साडेतीन वर्षं घरूनच केलं, कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबलवर. सोसायटीत सगळ्यांची पक्की समजूत की ही घरीच असते, त्यामुळे शेजारच्या तीन घरांची कुरियर माझ्याकडे, सिलिंडरवाला माझ्याकडे, आणि सासूबाईसुद्धा फोनवर कोणाला सांगताना "ती काय, घरीच असते" म्हणायच्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं पण मला ते लागायचं, कारण त्याच दिवशी मी दहा तास बसून तीन हजार शब्द केलेले असायचे.

मग कर्वे रोडजवळ को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसात, डेस्क घेतलं, महिना साडेपाच हजार. पहिल्यांदा पैसे भरताना पोटात गोळाच आला. पण पहिल्याच आठवड्यात काय झालं सांगते. गोळ्यांच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य अडलं होतं, पाऊण तास झाला तरी बसेना. शेजारी ॲप डिझाइन करणारी मुलगी बसते, तिला सहज वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे जेवायच्या आधी घ्यायची की नंतर?" आणि वाक्य कुठे तोडायचं ते मला तिथेच कळलं. साडेतीन वर्षांत मला असं विचारणारं कोणी नव्हतं हो.

तोटा पैशांचा आहेच. काम कमी आलं तरी डेस्कचं भाडं थांबत नाही. तुमचं कसं चाललंय? आकड्यांसकट लिहा, नवीन लोकांना उपयोग होईल.

ठाणे, आर्किटेक्ट

११ वर्षं झाली. नौपाड्यात आम्ही दोन आर्किटेक्ट आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मिळून एक ऑफिस चालवतो. भाडं, वीज, प्लॉटर, महापालिकेत फायली घेऊन जाणारा मुलगा, सगळ्याचे तीन भाग. एकट्याला ठाण्यात स्टेशनजवळ ऑफिस परवडलंच नसतं हे खरं. आणि बीम कुठे घ्यायचा हे विचारायला फक्त खुर्ची फिरवावी लागते, त्याची किंमत मी पैशात सांगूच शकत नाही.

त्रास असा की क्लायंटला वाटतं आम्ही पार्टनर आहोत. एकदा एका क्लायंटकडे माझं पेमेंट थकलेलं असताना त्यानेच त्याच ऑफिसात बसून आमच्यातल्या दुसऱ्या आर्किटेक्टला नवीन काम दिलं. मित्राची चूक नव्हती, त्याला माहीतच नव्हतं, पण आठवडाभर आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. तेव्हापासून सोमवारी सकाळी चहा घेताना तिघंही आपापली थकबाकी मोठ्याने सांगतो.

नवीन लोकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाच. एक म्हणजे उद्यम नोंदणी करा, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल, करारात कितीही मुदत ठरवली असली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. २००६ चा कायदा आहे पण मला तो २०२२ मध्ये कळला. आता इन्व्हॉइसच्या खाली उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ असते, अजून तक्रारीपर्यंत जावं लागलेलं नाही. दुसरं म्हणजे बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन हातात पैसे येतात, तेव्हा ९० लाच कमाई धरून खर्च करा, आणि कापलेला टीडीएस खरंच आपल्या पॅनवर जमा झालाय का ते दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर आपल्या जमा कराचं पत्रक उघडून बघा. माझ्या एका क्लायंटने कापला आणि भरलाच नाही, ते मला दीड वर्षाने कळलं.

नाशिक, समुपदेशक

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. ऑनलाइन सेशन्ससाठी को-वर्किंग घेतलं होतं, तिथे काचेचे फोन बूथ असतात, एका वेळी अर्धा तास. एक बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच बोलत होत्या, नुकत्या रडायला लागल्या होत्या आणि बाहेर एक जण काचेवर बोटाने टकटक करून घड्याळ दाखवायला लागला. त्याची वेळ झाली होती, त्याचंही बरोबरच होतं. पण बाईंना ती टकटक ऐकू गेली, त्या गप्प झाल्या, आणि पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. मला ते अजून सलतं.

जाहिरातीत नेट, कॉफी, पार्किंग सगळं लिहिलेलं असतं, भिंतीतून आवाज जातो का हे कोणी सांगत नाही. ज्यांचं काम माणसांच्या खासगी गोष्टींचं आहे, म्हणजे आम्ही, वकील, डॉक्टर, त्यांनी जागा बघायला जाताना सोबत कोणाला तरी न्या, एकाने आत बोला आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून ऐका. मी आता एका स्किनच्या डॉक्टरांची कन्सल्टिंग रूम दुपारी २ ते ५ घेते, त्या वेळात त्यांची ओपीडी नसते. भाडं तासावर. दार लाकडी आहे, बाहेर काकू बसतात, त्या कोणाला आत सोडत नाहीत. जागा शेअर करायचीच तर वेळ वाटून घ्यावी हे मला जास्त पटलं.

पुणे, बाणेर

गुरुवारी वीज जाते तेव्हा को-वर्किंगचा जनरेटर, एवढ्यासाठीच मी पैसे भरतो. बाकी घरी छान चाललंय.

चिपळूण, डीटीपी आणि छपाई

बाजारपेठेत आमचा तिघांचा एक गाळा होता. मी, जीएसटीची कामं करणारा एक, आणि एक लग्नाचे फोटो काढणारा. २०१७ पासून. लेखी काही नाही, लहानपणापासूनची मैत्री. भाडेपट्टी माझ्या नावावर, इन्व्हर्टर एकाचा, मोठा प्रिंटर तिघांनी पैसे घालून घेतलेला, एसी फोटोग्राफरचा. चांगलं चाललं होतं, एकाकडे आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं, लग्नाची पत्रिका माझ्याकडे नि फोटो त्याच्याकडे.

२२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरायला लागलं. लाइट गेली, फोन बंद, गाळ्यापर्यंत जाताच येईना. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर ते अर्ध्यावरच अडकलं, आत गुडघाभर चिखल. प्रिंटर आडवा होऊन दाराशी आला होता. फोटोग्राफरने हार्ड डिस्क मुद्दाम माळ्यावर ठेवल्या होत्या, पण पाणी माळ्याच्याही वर गेलं होतं. चार लग्नं होती त्यात. एकाचे फोटो घरी पेनड्राइव्हवर होते तेवढे वाचले, बाकी तीन घरी तो स्वतः जाऊन सांगून आला.

नंतर प्रश्न आला विम्याचा. विमा माझ्या नावाने, त्यात फक्त माझी मशिन्स लिहिलेली. मला काहीतरी मिळालं, त्या दोघांना काहीच नाही. प्रिंटरचं बिल तर तिघांपैकी कोणाकडेच सापडलं नाही. जे मिळालं ते मी तीन भागांत वाटलं पण दोघंही आधी घेईनात, त्यावरून रडारड झाली, खोटं कशाला सांगू. पण सोळा दिवस आम्ही तिघांनी मिळून चिखल काढला, एकट्याचा गाळा असता तर मी शटर ओढून कायमचा मुंबईला गेलो असतो.

आता नवीन जागा पहिल्या मजल्यावर आहे. स्टॅम्प पेपरवर यादी केलीय, कोणती वस्तू कोणाची, कोण निघाला तर डिपॉझिट कसं परत द्यायचं, आणि विमा प्रत्येकाचा वेगळा. मित्रांमध्ये असं लिहिताना तेव्हा फार जड गेलं. आता वाटतं पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

नागपूर, सबटायटलिंग

चिपळूणचे दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझं थोडक्यात. नोकरीतल्या मैत्रिणींना २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा आहे, आपल्याला एक दिवससुद्धा नाही. मी सात आठवडे थांबले तेवढ्यात सगळ्यात मोठा क्लायंट दुसरीकडे गेला. ज्यांना मूल हवंय त्यांनी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच नोकरी सोडा. पण हेही सांगते की बाबा मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, ॲडमिट होते तेव्हा वीस दिवस मी त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसू शकले, कोणाकडे रजा मागावी लागली नाही. ते वीस दिवस मला कुठल्याच नोकरीने दिले नसते.

बर्लिन, चित्रकार

नागपूरच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. इकडे स्वतंत्र कलाकार आणि लेखकांसाठी क्युन्स्टलरझोत्सिआलकासं नावाची व्यवस्था आहे, १९८३ पासून. आरोग्यविमा आणि पेन्शनचा साधारण अर्धा हप्ता मी भरते, उरलेला सरकार आणि आमच्याकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांकडून येतो. प्रवेश मिळायला पुष्कळ कागदपत्रं लागली, जर्मनमध्ये, पण मिळाल्यावर पहिल्यांदा शांत झोप लागली. आपल्याकडच्या एवढ्या कलाकारांना असं काही का असू नये हा विचार मनातून जात नाही.

जागेचं म्हणाल तर नॉयकोल्नमध्ये सहा जणांचा स्टुडिओ आहे. डिसेंबरमध्ये इथे चारच्या आत अंधार पडतो, घरून काम करत होते त्या हिवाळ्यात मी पाच पाच दिवस कोणाशी मराठी तर सोडाच, कुठल्याच भाषेत बोलत नव्हते. स्टुडिओत मंगळवारी एकाने सगळ्यांसाठी जेवण करायचं असा नियम आहे. तेवढ्यासाठी मी भाडं भरते असं म्हटलं तरी चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताई, तुमची बाहेर उभं राहून ऐकायची युक्ती मी आज करून बघितली, आमच्या मीटिंग रूममधलं सगळं ऐकू येतं. बँकेच्या कागदांवरचे कॉल मी तिथूनच घेत होते. ते आता घरून घेईन.

आणि चिपळूणचे दादा, माझा बॅकअप ज्या डिस्कवर आहे ती त्याच डेस्कच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते, लॅपटॉपच्या बरोबर खाली. आज निघताना पर्समध्ये टाकून घरी आणली.